‘नाही’ म्हणायचं कुणी? अमेरिकी लोकशाहीतला जुना पेच

२३ नोव्हेंबर २०२० रोजी अमेरिकेच्या मिशिगन राज्यात चार जणांच्या एका मंडळाची ऑनलाइन बैठक भरली. एरवी या मंडळाचं नावही फारसं कुणाला ठाऊक नसतं. ठिकठिकाणच्या मतमोजणीचे आकडे तपासून राज्याच्या निकालावर शिक्कामोर्तब करायचं, एवढंच त्याचं काम. दोन सदस्य डेमोक्रॅटिक पक्षाचे, दोन रिपब्लिकन. मिशिगनमध्ये जो बायडन दीड लाखाहून अधिक मतांनी पुढे होते, पण शिक्का मारू नका म्हणून ट्रम्प समर्थकांचा मोठा दबाव होता. दोन्ही रिपब्लिकन सदस्य अडून बसले असते तर दोन विरुद्ध दोन अशी कोंडी झाली असती. त्यांतला एक तटस्थ राहिला. दुसऱ्याचं म्हणणं असं, की कायद्याने आम्हाला एवढंच काम नेमून दिलं आहे, त्यापलीकडे आमचा अधिकार चालत नाही. त्याने मंजुरीच्या बाजूने मत दिलं आणि निकाल पक्का झाला. पुढच्या मुदतीसाठी पक्षाने त्याचं नाव पुन्हा सुचवलं नाही.

अमेरिकेची लोकशाही टिकते की ढासळते, यावर रोज चर्चा झडतात. बहुतेक चर्चा एका माणसाभोवती फिरतात: ट्रम्प चांगले की वाईट. मला त्यापेक्षा मिशिगनची ही बैठक जास्त महत्त्वाची वाटते. राज्यघटना, कोर्ट, संसद, निवडणूक यंत्रणा या सगळ्यांचा लगाम शेवटी कुठल्यातरी खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या हातात असतो. आपल्याच बाजूच्या लोकांना ‘हे होणार नाही’ असं सांगण्याची वेळ त्याच्यावर येते. ते बळ त्याच्यात कुठून येतं? गेली अडीचशे वर्षं अमेरिकेबद्दल विचार करणारे तत्त्वज्ञ याच प्रश्नावर भांडत आले आहेत, आणि आजच्या बातम्यांमागेही तोच प्रश्न आहे.

मॅडिसनचा हिशेब

पहिलं उत्तर जेम्स मॅडिसनचं, म्हणजे अमेरिकी राज्यघटनेच्या एका मुख्य शिल्पकाराचं. १७८७ मध्ये नवी राज्यघटना लिहून झाली, पण राज्यांनी ती अजून स्वीकारली नव्हती. तिच्या बाजूने मॅडिसन, अलेक्झांडर हॅमिल्टन आणि जॉन जे यांनी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत एका टोपणनावाने मिळून ८५ लेख लिहिले. त्यांतल्या दहाव्या आणि एक्कावन्नाव्या लेखात मॅडिसनने जी मांडणी केली, तिच्यावर अमेरिकेचा सगळा डोलारा उभा आहे.

मॅडिसन माणसाच्या चांगुलपणावर विसंबत नाही. माणसं देवदूत असती तर सरकारची गरजच पडली नसती, असं तो स्पष्ट म्हणतो. समाजात गटतट पडणारच. मालमत्ता, धर्म, मतं यांवरून माणसं एकमेकांशी भांडणारच. गट मोडायचे तर स्वातंत्र्यच मोडावं लागेल, आणि तो इलाज रोगापेक्षा भयंकर. मग करायचं काय? देश मोठा ठेवायचा, म्हणजे गट इतके होतील की कुणा एकालाच सगळ्यांच्या डोक्यावर बसता येणार नाही. आणि सत्तेची वाटणी अशी करायची, की एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याची महत्त्वाकांक्षा आडवी येईल. राष्ट्राध्यक्षाने हद्द ओलांडली तर काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, चवताळून उठेल. तिला लोकशाहीचा उमाळा आला म्हणून नव्हे, तर आपल्या अधिकारावर कुणी हात टाकलेला तिला खपणार नाही म्हणून. थोडक्यात, मॅडिसनच्या मते ‘नाही’ म्हणायचं बळ पदाच्या स्वार्थातून येतं.

हा हिशेब फार हुशारीचा होता. पण त्यात एक गोष्ट धरलेली नव्हती. काँग्रेसच्या सदस्याला काँग्रेसपेक्षा पक्ष जवळचा वाटू लागला तर काय, याचं उत्तर त्यात नव्हतं. घटना लिहिली तेव्हा आजच्या अर्थाने राजकीय पक्षच नव्हते. पुढे पक्ष आले, तरी बराच काळ दोन्ही पक्षांत उदार आणि सनातनी अशा दोन्ही मतांची माणसं असायची, म्हणून यंत्र कुरकुरत का होईना चालत राहिलं.

दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. ७ ऑगस्ट १९७४ रोजी सिनेटर बॅरी गोल्डवॉटर आणि आणखी दोन रिपब्लिकन नेते राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भेटायला गेले. वॉटरगेट प्रकरणात (विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी आणि ती दडपण्याचा खटाटोप) सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, तुमच्या बाजूने पुरेशी मतं उरलेली नाहीत, हे निक्सन यांच्याच पक्षाच्या लोकांनी त्यांना तोंडावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी निक्सन यांनी राजीनामा जाहीर केला. आता फेब्रुवारी २०२१. महिन्याभरापूर्वी, ६ जानेवारीला, जमावाने संसदेच्या इमारतीत घुसून निकालाची नोंद थांबवली होती. सिनेटर जीव मुठीत धरून पळाले होते. त्यासाठी ट्रम्प यांच्यावर महाभियोग चालला. दोषी ठरवायला १०० पैकी ६७ मतं हवी होती, पडली ५७. रिपब्लिकन सिनेटर सात फुटले. त्यांचे सिनेटमधले नेते मिच मॅकॉनेल यांनी निर्दोष म्हणून मत दिलं आणि लगेच भाषणात सांगितलं, की घडल्या प्रकाराची नैतिक जबाबदारी ट्रम्प यांचीच आहे. पद सोडलेल्या माणसावर महाभियोग चालवता येत नाही, हा त्यांचा कायदेशीर मुद्दा होता. मुद्द्यात तथ्य असेल वा नसेल, मॅडिसनला अपेक्षित असलेली सिनेट त्या दिवशी जागेवर नव्हती, असं माझं मत आहे.

बहुमत नक्की कुणाचं?

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला अडवणारे हे लोक कोण? ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार फार जणांकडे गेला तर लोकांच्या मताला किंमत काय राहिली?

अमेरिकेत हा आक्षेप दोन्ही बाजूंनी घेतला जातो. डावीकडून म्हणतात, यंत्रणाच अल्पमताच्या बाजूने झुकलेली आहे. वायोमिंगची लोकसंख्या सहा लाखांच्या आत, कॅलिफोर्नियाची चार कोटींच्या घरात, आणि सिनेटर दोघांचेही दोन-दोन. राष्ट्राध्यक्ष थेट मतांनी निवडला जात नाही. राज्यवार ५३८ प्रतिनिधी असतात, त्यांतले २७० मिळवावे लागतात. त्यामुळे २००० मध्ये अल गोर यांना देशभरात पाच लाखांहून अधिक मतं जास्त मिळूनही फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी बुश जिंकले. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन जवळजवळ २९ लाख मतांनी पुढे होत्या, तरी जिंकले ट्रम्प. २०२४ मध्ये मात्र ट्रम्प एकूण मतांतही पुढे राहिले, तेव्हा ‘जनतेने निवडलंच नव्हतं’ हे म्हणणं संपलं. उजवीकडून म्हणतात, आम्ही निवडून दिलेल्या राष्ट्राध्यक्षाला कुणीही न निवडलेले अधिकारी आणि न्यायाधीश काम करू देत नाहीत. घटनेत कार्यकारी सत्ता एका राष्ट्राध्यक्षाच्या हाती दिली आहे, तर त्याच्या हाताखालच्या प्रत्येकाने त्याचंच ऐकलं पाहिजे.

या दुसऱ्या म्हणण्याला पायाच नाही असं मी म्हणणार नाही. सरकार सुस्त पडलं तर लोकांचा मतपेटीवरचा विश्वास उडतो, हे खरं आहे. पण लोकांनी चार वर्षांपूर्वी एकदा मत दिलं, म्हणून त्यानंतरच्या प्रत्येक कृतीला लोकांचं मत मानायचं, ही उडी फार मोठी आहे. एखाद्या योजनेवर लोकांचं मत वेगळं असू शकतं, वर्षभरात बदलूही शकतं. ते मत व्यक्त करायला मधल्या काळात काँग्रेस, कोर्ट, राज्य सरकारं, वर्तमानपत्रं हेच मार्ग असतात.

आणीबाणी जाहीर कुणी करायची

या वादाचं सगळ्यांत टोकाचं रूप जर्मन कायदेपंडित कार्ल श्मिट याच्याकडे सापडतं. त्याने १९२२ मध्ये मांडलेला विचार असा: नियम सगळे शांततेच्या काळापुरते असतात. आता नियम बाजूला ठेवायची वेळ आली आहे, हे जो ठरवतो तोच खरा सत्ताधीश. श्मिट पुढे नाझी पक्षात गेला. तरी त्याचा प्रश्न टाळता येत नाही. युद्ध, साथ, दंगल आली की कुणीतरी चटकन निर्णय घ्यावाच लागतो. सतराव्या शतकातल्या जॉन लॉकसारख्या इंग्रज उदारमतवाद्यानेही राजाला प्रसंगी कायद्याबाहेर जाऊन लोकहिताचं काम करण्याची मुभा ठेवली होती.

अमेरिकेत हा प्रश्न नेमका कुठे अडला, ते जवळून पाहण्यासारखं आहे. १९७६ मध्ये काँग्रेसने राष्ट्रीय आणीबाणीचा कायदा केला. राष्ट्राध्यक्षाने आणीबाणी जाहीर केली की इतर कायद्यांत विखुरलेले खास अधिकार त्याला वापरता येतात. उलट बाजूने तजवीजही होती: काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केला की आणीबाणी रद्द, राष्ट्राध्यक्षाची सही लागत नाही. मग १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका वेगळ्याच खटल्यात निकाल दिला. हा खटला जगदीश राय चढ्ढा या केनियात जन्मलेल्या भारतीय वंशाच्या माणसाच्या हद्दपारीचा होता. राष्ट्राध्यक्षाच्या सहीसाठी न पाठवता अशा ठरावाने कार्यकारी निर्णय उलटवणं घटनेत बसत नाही, असं कोर्ट म्हणालं. त्याचा फटका आणीबाणीच्या कायद्यालाही बसला. आता आणीबाणी रद्द करायची तर ठराव आधी आणीबाणी जाहीर करणाऱ्याकडेच सहीला जातो. त्याने नकाराधिकार वापरला तर दोन-तृतीयांश मतं जमवावी लागतात.

२०१९ मध्ये तसंच घडलं. सीमेवरच्या भिंतीसाठी काँग्रेसने मागितले तेवढे पैसे दिले नाहीत, म्हणून ट्रम्प यांनी आणीबाणी जाहीर केली. दोन्ही सभागृहांनी ती रद्द करण्याचा ठराव केला. सिनेटमध्ये ५९ विरुद्ध ४१, म्हणजे बारा रिपब्लिकनही विरोधात गेले. ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला, दोन-तृतीयांश जमले नाहीत, आणीबाणी कायम राहिली. हा एकट्या ट्रम्प यांचा दोष म्हणता येत नाही. सोयीचं असेल तेव्हा दोन्ही पक्षांच्या काँग्रेसने अधिकार देऊन टाकले, आणि परत घेण्याचा दरवाजा बंद झाला तेव्हाही नवा दरवाजा बसवला नाही.

श्मिटला अमेरिकेतून मिळालेलं सगळ्यांत चांगलं उत्तर न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांचं आहे. १९५२ मध्ये कोरियाचं युद्ध चालू असताना संप होऊ घातला, म्हणून राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी पोलादाचे कारखाने सरकारी ताब्यात घेतले. सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी ते बेकायदा ठरवलं. जॅक्सन यांनी न्यूरेंबर्गमध्ये नाझी पुढाऱ्यांवर खटला चालवला होता, जर्मनीची घटना आणीबाणीच्या कलमातून कशी पोखरली गेली हे त्यांनी पाहिलं होतं. घटनाकारांना आणीबाणी म्हणजे काय ते ठाऊक होतं, आणि आणीबाणीचे अधिकार दिले की आणीबाण्याच पेटत राहतात याचीही त्यांना शंका असावी, असं त्यांनी निकालात लिहिलं. ट्रूमन यांनी कारखाने परत केले. युद्ध चालू असतानाही राष्ट्राध्यक्षाने कोर्टाचं ‘नाही’ मानलं, ही त्या प्रसंगातली मोठी गोष्ट.

आकडे खरे मानायचे की नाही

‘नाही’ म्हणायला पायाखाली काहीतरी पक्कं लागतं. जर्मनीतून अमेरिकेत आलेली विचारवंत हॅना आरेंट हिने १९६७ मधल्या एका निबंधात घडलेल्या गोष्टींचं सत्य किती नाजूक असतं हे मांडलं. गणितातलं सत्य पुसलं गेलं तर कुणीतरी पुन्हा शोधून काढेल. पण अमुक दिवशी अमुक घडलं, हे सत्य साक्षीदारांवर आणि कागदांवर उभं असतं. तेच खोटे म्हटले की परतीची वाट उरत नाही. आरेंटचा मुद्दा मतभेदांविरुद्ध नाही. मतं वेगळी असावीतच, पण ती एकाच घडलेल्या गोष्टीबद्दल असावीत.

२०२० च्या निवडणुकीनंतर साठच्या आसपास खटले कोर्टात गेले आणि जवळजवळ सगळे फेटाळले गेले. फेटाळणाऱ्यांत ट्रम्प यांनी नेमलेले न्यायाधीशही होते. तरी रिपब्लिकन मतदारांतल्या मोठ्या वर्गाला तो निकाल आजही खरा वाटत नाही. याचं खापर नुसतं समाजमाध्यमांवर फोडणं मला पटत नाही. १९६४ मध्ये केंद्र सरकारवर विश्वास आहे म्हणणारे अमेरिकी ७७ टक्के होते, अलीकडे ते २० टक्क्यांच्या आसपास आहेत. मध्ये व्हिएतनाम आलं, वॉटरगेट आलं, इराकमधली न सापडलेली अस्त्रं आली, २००८ चं आर्थिक संकट आलं. २००५ पासून तीन हजारांहून अधिक स्थानिक वर्तमानपत्रं बंद पडली. गावातल्या शाळेच्या बैठकीची बातमी देणारा ओळखीचा वार्ताहरच उरला नाही, तर वॉशिंग्टनची बातमी खरी की खोटी हे माणूस कुणाला विचारणार?

इथेच मायकल सँडेल यांचं म्हणणं ऐकावं. हार्वर्डचे हे प्राध्यापक २०२० पासून सांगत आहेत, की यशाला गुणवत्तेचं प्रमाणपत्र जोडलं की अपयशाला अपमान चिकटतो. अमेरिकेत २५ वर्षांवरच्या साठ टक्क्यांहून अधिक लोकांकडे चार वर्षांची पदवी नाही, आणि काँग्रेसचे जवळजवळ सगळे सदस्य पदवीधर आहेत. कारखाना बाहेरच्या देशात गेला तेव्हा दोन्ही पक्षांनी कामगाराला सांगितलं, शिकून घे. त्याने ऐकलं ते असं: चूक तुझीच आहे. असा माणूस तज्ज्ञाने दाखवलेल्या आकड्याकडे संशयाने बघतो. माझ्या मते ट्रम्प यांच्या राजकारणाचं हे सगळ्यांत प्रामाणिक स्पष्टीकरण आहे, आणि डेमोक्रॅटिक पक्षाने ते पुरतं मनावर घेतलेलं नाही.

‘आम्ही लोक’ म्हणजे कोण

अमेरिकी घटना ‘आम्ही लोक’ या शब्दांनी सुरू होते. त्या लोकांत गुलाम नव्हते. प्रतिनिधी मोजताना गुलामाला तीन-पंचमांश माणूस धरलं होतं. फ्रेडरिक डग्लस हा स्वतः गुलामीतून पळून आलेला वक्ता. ५ जुलै १८५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये त्याने विचारलं, गुलामाला तुमच्या चार जुलैचं काय कौतुक? पण त्याच भाषणात त्याने घटनेला स्वातंत्र्याचा दस्तऐवज म्हटलं आणि तिचे शब्द खरे करून दाखवा, अशी मागणी केली. त्या लढ्याकडे पुण्यातून जोतीराव फुले पाहत होते. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जन लोकांना अर्पण केलं.

यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, चौदावी घटनादुरुस्ती आली: अमेरिकेत जन्मलेला आणि तिथल्या कायद्याच्या कक्षेत असलेला प्रत्येक जण नागरिक. राष्ट्र म्हणजे एक तत्त्व, ते मान्य करणारा प्रत्येक जण त्यातला, ही लिंकनची भूमिका त्यामागे आहे. याला आज उघड आव्हान आहे. उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी २०२४ च्या पक्षाच्या अधिवेशनात सांगितलं, की अमेरिका ही नुसती कल्पना नाही, सामाईक इतिहास असलेल्या लोकांचा तो समूह आहे. माणूस कल्पनेसाठी जीव देत नाही, घरासाठी देतो, हा त्यामागचा युक्तिवाद. तो मनाला भिडतो. पण इतिहास कुणाचा सामाईक धरायचा, हे ठरवणारा कुणीतरी लागतोच. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांना ते ठरवून दाखवलं होतं. अमेरिकी सैन्यात नोकरी केलेल्या या पंजाबी माणसाला, तू सर्वसामान्यांच्या समजुतीतला गोरा नाहीस, सबब नागरिक होऊ शकत नाहीस, असं कोर्टाने सांगितलं.

२० जानेवारी २०२५ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने हा वाद मराठी घरांतही आणला. बेकायदा आलेल्यांच्याच नव्हे, तर तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या आईवडिलांच्या मुलांनाही जन्माने नागरिकत्व नाही, असं त्या आदेशात होतं. एच-वन-बी व्हिसावर ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभी असलेली न्यूजर्सी-टेक्सासमधली मराठी जोडपी नेमकी त्यात येतात. खालच्या कोर्टांनी आदेश रोखला आणि वाद वरच्या कोर्टात गेला. तत्त्वज्ञानाचा प्रश्न इथे बाळंतपणाच्या तारखेशी येऊन भिडतो.

ड्यूई आणि त्यांचा विद्यार्थी

१९२० च्या दशकात पत्रकार वॉल्टर लिपमन याने लिहिलं, की आधुनिक जग सामान्य मतदाराला समजण्यापलीकडे गेलं आहे. कारभार जाणकारांनी करावा, मतदाराने फार तर हे सरकार हवं की ते, एवढं ठरवावं. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी त्याचं निदान बरंच मान्य केलं, पण औषध नाकारलं. बूट कुठे चावतो हे घालणाऱ्यालाच कळतं, चांभार कितीही कसबी असला तरी. लोकशाही हा आधी एकत्र जगण्याचा, एकमेकांचा अनुभव वाटून घेण्याचा प्रकार आहे, सरकारचा प्रकार नंतर, असं ड्यूई मानत.

कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात ड्यूईंच्या वर्गात बाबासाहेब आंबेडकर होते. १९३६ मध्ये जातिनिर्मूलनावर लिहिताना त्यांनी ‘माझे गुरू, ज्यांचा मी फार ऋणी आहे’ असा ड्यूईंचा उल्लेख केला, आणि लोकशाहीची ही व्याख्या जातीवर लावली: जिथे माणसं एकमेकांच्या पंक्तीला बसत नाहीत, तिथे अनुभव वाटायचा कसा? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत ते म्हणाले, घटनात्मक नीती माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते. मॅडिसनच्या हिशेबात जी जागा रिकामी राहिली होती, ती मला या वाक्यात भरलेली दिसते. अमेरिकेतच शिकलेल्या माणसाने काढलेला हा निष्कर्ष अमेरिकेत जितका वाचला जायला हवा तितका वाचला जात नाही, याची खंत वाटते.

ही नीती जोपासली गेली की नाही, हे मोजायची एक जागा आहे: मतदाराने ‘नाही’ म्हणणाऱ्याचं पुढे काय केलं. २ जानेवारी २०२१ रोजी ट्रम्प यांनी जॉर्जियाचे निवडणूकप्रमुख ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना फोन करून ११,७८० मतं ‘शोधून’ द्यायला सांगितली. तासाभराच्या त्या संभाषणात रॅफेन्सपर्गर, स्वतः रिपब्लिकन आणि ट्रम्प यांचे मतदार, तुमचे आकडे चुकीचे आहेत एवढंच सांगत राहिले. मे २०२२ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत ट्रम्प यांनी त्यांच्याविरुद्ध उमेदवार उभा केला, तरी जॉर्जियाच्या रिपब्लिकन मतदारांनी रॅफेन्सपर्गर यांनाच निवडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वायोमिंगमध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत रिपब्लिकन खासदार लिझ चेनी उभ्या होत्या. ६ जानेवारीच्या चौकशी समितीत बसल्याबद्दल पक्षाने त्यांना वाळीत टाकलं होतं. त्या हरल्या, आणि त्यांच्या मुख्य प्रतिस्पर्ध्याला सुमारे दोन-तृतीयांश मतं पडली. पक्ष तोच होता आणि वर्षही तेच.